अठरा

डॉक्टरांनी पलंगावरच्या सरकत्या टेबलावर एक कार्ड ठेवलं. त्यावर मोठ्या अक्षरात ३, ६, १२ असे आकडे होते, मग एक रिकामा चौकोन आणि शेवटी ४८.

"आजी, या चौकोनात काय येईल?"

पलंगाच्या पायथ्याशी उभी असलेली लेक पुढे वाकून बघू लागली. डोक्याचं ऑपरेशन झाल्यापासून आई प्रत्येक गोष्टीला नुसती मान हलवत होती. चहा हवा का, मान. दिवा मालवू का, मान. मी कोण ते ओळखलंस का, तरी मानच, आणि तीही हो की नाही ते कळू नये अशी. आजच्या कार्डांवरून बरंच काही ठरणार होतं. आई पुन्हा आपल्या घरात आपली आपण राहू शकेल की नाही ते यावरूनच कळेल, असं डॉक्टरांनी सकाळी बाहेर नेऊन स्पष्ट सांगितलं होतं.

"अठरा," आई म्हणाली.

आवाज अगदी खणखणीत होता. उत्तर मात्र साफ चूक.

डॉक्टर खास पेशंटसाठी राखून ठेवलेलं हसू हसले, "छान, छान" म्हणाले आणि त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं. काय लिहिलं असेल ते लेकीला वाचायची गरज नव्हती. तिला रडूच यायला लागलं. उभा जन्म शाळेत गणित शिकवलेली ही बाई, आणि अठरा! सहात सहा मिळवले की बारा, बारात सहा मिळवले की अठरा. पहिला आकडा न बघता उडी मारणारी पोरं हमखास अशीच आपटतात.

डॉक्टर पुढचं कार्ड काढायला लागले. तेवढ्यात आईने पहिल्या कार्डावर तळवा ठेवला आणि ते उचलू दिलं नाही. ती आता कार्डाकडे बघतही नव्हती. डावी भुवई जराशी वर चढवून ती डॉक्टरांकडे बघत होती. तिकडून काही येत नाही म्हटल्यावर तीच भुवई लेकीकडे वळली.

लेक या भुवईसमोर अख्खं एक वर्ष बसली होती. त्या वर्गात आईला आई म्हणायची सोय नव्हती. सगळ्यांच्या बाई त्याच तिच्याही बाई. आणि बाईंची एक खोड होती. घाईत असलेलं पोर जे चुकीचं उत्तर देईल, नेमकं तेच त्या गंभीर चेहऱ्याने फळ्यावर लिहायच्या आणि खडू हातात धरून उभ्या राहायच्या. कुणीतरी धीर करून बोलेपर्यंत धडा तसूभर पुढे सरकायचा नाही. एकदा शाळेची तपासणी करायला आलेले साहेब मागच्या बाकावर होते, तरी बाईंनी खोड सोडली नाही. साहेबांनी ते उत्तर मन लावून उतरवून घेतलं होतं.

लेकीने हात वर केला. सलाईनची बाटली बदलणारी नर्स तिच्याकडे बघतच राहिली.

"बाई, चुकलं."

"काय चुकलं?"

"अठरा नाही, चोवीस."

"कशावरून?"

"दर वेळी दुप्पट होतंय. अठराची दुप्पट छत्तीस होईल, अठ्ठेचाळीस नाही." एवढं बोलेपर्यंत लेकीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं होतं, आणि त्यातच ती हसतही होती. इतका आनंद तिला कुठल्याच परीक्षेत पास होऊन झाला नव्हता.

बाईंनी शाबासकी दिली नाही. ती सवय त्यांना आधीपासूनच नव्हती. त्या डॉक्टरांकडे वळल्या.

"तुला येत होतं?"

"हो."

"मग छान छान कशाला म्हणालास?"

ज्यांच्या एका शब्दावर सगळा वॉर्ड हलायचा, त्या डॉक्टरांचे कान लाल झाले. पेशंटच्या मनाला लागू नये वगैरे ते काहीतरी पुटपुटले. बाईंनी ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं, पांघरूण सारखं केलं आणि पुढचं कार्ड मागितलं.

मग एकामागून एक कार्डं निघाली. बाई कुठे बरोबर सांगत, कुठे मुद्दाम चूक, आणि भुवई काही खाली येईना. दोनदा डॉक्टर फसले. एकदा नर्सने त्यांच्या आधी उत्तर दिलं आणि मग जीभ चावली. शेवटी डॉक्टरांनी आधी लिहिलेलं सगळं खोडून टाकलं.

"बाई, तुम्ही ठणठणीत आहात," ते म्हणाले. आजी म्हणायचं ते केव्हाच विसरले होते. "उद्या घरी जायला हरकत नाही."

लेकीने धावत जाऊन आईला मिठीच मारली. आईनेही तिच्या पाठीवरून हात फिरवला, तिला नावाने हाक मारली आणि मग कानाशी तोंड नेऊन हळूच म्हणाली, "उद्या नको, परवा जाऊ. हा अजून जरा कच्चा आहे."