तुपाऐवजी

“चार दिवस पोरीला शी नाही. सरळ एरंडेल पाज,” सासूबाई म्हणाल्या. “ते ऑलिव्हचं तेल मालिशचं, खायचं नव्हे!”

मी ठाम होते. तीन वर्षांच्या शाल्मलीच्या वरणभातावर तुपाऐवजी चमचाभर ऑलिव्ह घालत राहिले. दुखेल म्हणून माझी बाय पॉटीवर बसायलाच घाबरत होती. शुक्रवारपर्यंत झाली नाही, तर शनिवारी डॉक्टर एनिमा देणार होते.

शुक्रवारी हळदीकुंकवाला आलेल्या बायकांना मी कुंकू लावत होते. इतक्यात आतून आरोळी आली, “आई, झाऽऽली! दुखलंच नाही!”

बायका खुदकन हसल्या. सासूबाईंनी माझ्या हातातला कुंकवाचा करंडा घेतला. “धाव, मी बघते इथलं.” मग हळूच कानाशी आल्या, “मलाही तीन दिवस झाली नाही गं.”