बावट्याचं ठिगळ

जहाज कंपनीच्या कचेरीत चित्रकारानं चित्रावरचं कापड ओढलं आणि मालकाचा चेहरा पडला. खवळलेल्या समुद्रात तीन जहाजं शिरत होती आणि मागे बंदराच्या खांबावर वादळाचा लाल बावटा फडफडत होता. मधलं जहाज त्याच वादळात चित्रकाराच्या थोरल्या भावाला घेऊन बुडालं होतं. “बावटा पुसून टाक,” मालक गुरगुरला. “तो लागलाच नव्हता. लागला असता तर जहाजं सोडली असती का मी?” “सोडलीत की! भित्र्यांनी उद्यापासून तोंड दाखवू नये, असं वर सुनावलंत,” चित्रकार म्हणाला. दाराशी थांबलेली त्याची वहिनी पुढे आली. बंदरावरचे बावटे तीच शिवायची. तिनं चित्र न्याहाळलं. “भावजी, बावटा चुकलाय.” मालक हसला. “ऐकलंस?” “त्याला निळं ठिगळ होतं,” ती म्हणाली. “ह्यांच्या सदऱ्याचं. मीच लावलेलं. जहाज सुटताना ठिगळाकडेच बघत होते.” चित्रकारानं सोबतची रंगपेटी उघडली आणि निळ्या रंगात ब्रश बुडवला.