वरचं नाव

“ताईचं नाव वर घ्या,” धाकटी म्हणाली आणि मुखपृष्ठाच्या प्रूफवर सही करून मोकळी झाली.

प्रकाशकांनी सुटकेचा निःश्वास टाकला. थोरली अजून यायची होती. नऊ वर्षांनी दोघी बहिणी प्रकाशकांच्या ह्या खोलीत एकमेकींशी बोलणार होत्या.

भांडण झालं होतं ते ह्याच खोलीत, ह्याच गोष्टीवरून. मुलांची गाणी दोघी मिळून रचत. थोरलीनं ओळ टाकायची, धाकटीनं ती झेलायची. मग मुखपृष्ठावर वर नाव कुणाचं? ओळ सुरू करणारीचं, की तिला तालावर आणणारीचं? शब्दानं शब्द वाढला. आधी ती बोलेल, मग मी, असं दोघींनी मनाशी धरलं ते धरलंच. आई गेली तेव्हाही दोघी समोरासमोरच्या भिंतींना टेकून बसल्या होत्या.

एकटीनं लिहून पाहिलं धाकटीनं. गाणी व्हायची, पण त्यांना पाय फुटायचे नाहीत. एकटीच्या पुस्तकाचे गठ्ठे ह्याच खोलीत कपाटामागे धूळ खात होते.

आणि चार वर्षांपूर्वी प्रकाशकांकडून पाकीट आलं. आत पिवळट पडलेला कागद, त्यावर ताईची हिरवी शाई: ‘विहिरीत पडला चांद, बादली गेली आणायला.’

ना मायना, ना खुशाली. पण ताई वाकली होती! धाकटी कागद छातीशी धरून रडली. कागदसुद्धा जुनाच वापरलाय बयेनं, कंजूष ती कंजूषच, असं म्हणून हसलीही. मग खाली लिहून कागद प्रकाशकांकडे परत धाडला: ‘चांद बसला बादलीत, विहीर लागली रडायला.’

तेव्हापासून दर महिन्याला एक ओळ यायची, कोऱ्या पांढऱ्या कागदावर. धाकटी ती दिवसभर घोळवायची, भाजी चिरताना, कपडे वाळत घालताना, आणि संध्याकाळपर्यंत जोडीची ओळ सापडायची. अठ्ठेचाळीस गाणी झाली. इतकी चांगली दोघींनी आधी कधीच लिहिली नव्हती.

दार वाजलं. थोरली आत आली. केस पार पिकले होते.

“वाळलीस गं,” ती म्हणाली.

“आणि तू कोण मोठी पहिलवान?”

दोघी हसल्या, मग डोळे पुसत बसल्या. थोरलीनं धाकटीचा हात हातात घेतला, तो सोडलाच नाही. प्रकाशकांनी प्रूफ तिच्याकडे सरकवलं.

“माझं वर?” थोरलीनं नावावर बोट ठेवलं. “वेडी आहेस का?”

“मान तुझाच, ताई. आधी तू वाकलीस. पहिली ओळ तू पाठवलीस.”

“मी?” थोरली बघतच राहिली. “अगं, माझी जुनी ओळ तू शोधून काढलीस, पुरी केलीस, वर पुढची मागितलीस. असा निरोप आला म्हणून तर मी पेन उचललं. मी कशाला पाठवेन आधी?”

दोघींनी प्रकाशकांकडे पाहिलं. ते चष्म्याची काच पुसत होते.

“जुन्या फायलीत सापडली होती ती ओळ,” ते म्हणाले. “म्हटलं, कुणीतरी सुरुवात करायला हवी. आणि बघा की, किती सुंदर गाणी झाली! एकटीला जमली असती का कुणाला?”

टेबलावर गुंफलेले दोन हात सुटले. आधी कुणी सोडला, ते कळलं नाही.

धाकटीनं प्रूफ आपल्याकडे ओढलं आणि केलेली सही खोडली.