शाळेमागचा खड्डा

कल्पना करा बाळांनो, एका मुलीचे बाबा डंपर चालवतात. पेट्रोल पंपाच्या जमिनीखालची टाकी गळली, म्हणून पेट्रोल मुरलेली माती खणून बाबांच्या डंपरमध्ये भरली. ती धुऊन शुद्ध करायला दूरच्या केंद्रात न्यायची होती. पंपमालक म्हणाला, "तेवढं लांब कोण जातंय? शाळेमागच्या खड्ड्यात ओत."

मधल्या सुट्टीत मुलीने शाळेमागच्या खड्ड्याशी बाबांचा डंपर पाहिला आणि ती धावत आली.

"बाबा, घरी आल्यावर आंघोळ केल्याशिवाय तुम्ही मला जवळ का घेत नाही?"

"हे काय आत्ता मधेच? अंगाला ही घाण असते. बाधेल तुला."

"मग इथे ओतल्यावर नाही बाधणार? आम्ही इथेच खेळतो!"

"मालक वरून चांगली माती टाकणार आहेत. कळणारसुद्धा नाही."

"कोणाला?"

"फार तोंड चालायला लागलंय तुझं. हो बाजूला!" बाबांनी डंपरचा हौदा उचलायच्या दांड्याला हात घातला.

मुलगी खड्ड्यात उतरली, मधोमध मांडी घालून बसली आणि ओरडली, "ओता!"