स्वतःची विहीर

दाराला कुलूप होतं. भर अकरा वाजता, कामाच्या दिवशी, खंडोजीच्या स्वतःच्या घराला.

चष्मा घरी राहिला म्हणून तो चिकपेठेतलं शिवणकामाचं दुकान टाकून थेट जयनगरपर्यंत सायकल मारत आला होता. चष्म्याशिवाय सुईत दोरा जाईना. भागुबाई घरात नाही, हे त्याला पटेचना. बायको जायची कुठं? शेजार म्हणाल तर डावीकडे मोकळी साइट, नुसती आखून ठेवलेली जागा, उजवीकडे मोकळी साइट, आणि पलीकडे पायापर्यंत येऊन थांबलेलं कुणा साहेबाचं घर. त्या पायावरच्या गवतात गंगव्वा शेळ्या चारत होती.

"अक्का नळाला गेल्या," ती तिथूनच ओरडली. "सिद्धापुराच्या कोपऱ्यावर. रोज जातात की."

"नळाला?"

विहीर आटली की काय? सायकल तशीच टाकून तो परसात धावला आणि विहिरीत डोकावला. पाणी चांगलं वर होतं. त्यानं रहाटावरून बादलीभर ओढून चूळ भरली. गोड होतं.

आता घर घेताना या माणसानं चूक म्हणून केली नव्हती. कागद दोन वकिलांना दाखवले; पहिला खरं बोलतो का हे दुसऱ्याला विचारायला. साइट मोजली ती स्वतःच्या टेपनं, सदऱ्याची छाती मोजायच्या. दीड दिवस लागला, आणि विकणारा देवाप्पा हसून हसून दमला. मग याच विहिरीचं घागरभर पाणी सायकलला बांधून नेलं आणि भागुबाईला त्यात तुरीची डाळ शिजवायला लावली. डाळ मऊ शिजली तेव्हा कुठं इसार दिला. दुधानं तोंड पोळलं की लोक ताक फुंकून पितात. हा पाणीसुद्धा फुंकून पिणारा.

आणि हे सगळं बायकोसाठीच. अठरा वर्षं वठारात काढली होती दोघांनी. एका अंगणाभोवती चौदा बिऱ्हाडं आणि चौदांत एक विहीर. रोज पहाटे भागुबाई रांगेत. टोमणे, भांडणं, घागरींची आदळआपट. "तुला या रांगेतून सोडवतो बघ," असं तो म्हणाला होता आणि शब्द पाळला होता. त्याचा त्याला अभिमान होता. थोडा जास्तच होता.

सिद्धापुराच्या कोपऱ्यावर पोचायच्या आधीच त्यानं ब्रेक दाबला. नळावर दहा-बारा बाया होत्या, आणि पुढून तिसरी भागुबाई. हातवारे करत ती कन्नडात कुणाला तरी सांगत होती, लेकराच्या खोकल्यावर अडुळशाचा रस कसा काढायचा ते. मध्येच मागून कुणी काहीतरी बोललं आणि ती हसली. पदर तोंडाला लावून, अंग हलेपर्यंत हसली.

नव्या घरात आल्यापासून सहा महिन्यांत त्यानं ते हसणं ऐकलं नव्हतं. ऐकलं नव्हतं हेही त्याला आत्ताच कळलं. घरी ती बोलायची ती "वाढू का?" आणि "दार लावून घ्या." बायको हसली म्हणून माणसाला एकटं वाटावं, ही काय रीत झाली? पण वाटलं. भर उन्हात, सायकलचं हँडल धरून, त्याला फार एकटं वाटलं.

"अक्का, यजमान आले बघा!" एक बाई म्हणाली.

हसणं थांबलं. भागुबाईनं पदर सारखा केला. तो जवळ गेला आणि बायांना कळू नये म्हणून मराठीत, हळू आवाजात म्हणाला, "विहीर भरलीय की गं."

"ठाऊक आहे."

"पाणी बाधलं काय तुला?"

"नाही हो. अमृत आहे."

"मग लोकांनी काय म्हणावं? दारात विहीर असून शिंप्याची बायको सरकारी नळावर!"

ती घागरीच्या काठावरून बोट फिरवत राहिली.

"रहाट बोलत नाही हो," ती म्हणाली. "सहा महिने मीच बोलतेय त्याच्याशी."

दोन्ही वकिलांनी हे काही सांगितलं नव्हतं, आणि खंडोजीनंही विचारलं नव्हतं. तिला तर काहीच विचारलं नव्हतं. नुसती डाळ शिजवायला लावली होती.

तिनं कमरेची किल्ली काढून त्याच्या हातावर ठेवली. "चष्म्यासाठी आला असाल. देवळीत आहे, पंचांगाखाली. दुकान उघडं टाकू नका, जा."

तो जाईना. किल्ली मुठीत धरून उभाच राहिला. पुढच्या दोघींच्या घागरी भरल्या. नळ मोकळा झाला आणि पाणी दगडावर पडू लागलं.

"तुमचा नंबर, अक्का," मागची बाई म्हणाली. तिच्या काखेत मूल होतं.

"तुम्ही भरा आधी," भागुबाई तिला म्हणाली. "मला काय घाई आहे?"

त्या बाईला नवल वाटलं नाही. तिनं सवयीनं आपली घागर नळाखाली सरकवली. भागुबाईनं आपली रिकामी घागर उचलून कमरेवर घेतली आणि नवऱ्याकडे न बघता, एकेका बाईला ओलांडत, ती रांगेच्या अगदी शेवटी जाऊन उभी राहिली.