मारोतीच्या कानात

पुण्याहून आलेल्या त्या पत्राला वामनरावांनी सव्वा महिना उत्तर दिलं नव्हतं. त्यांचे घोडे शर्यतीसाठी तयार करणाऱ्या माणसानं लिहिलं होतं, 'चंद्रकोर इथे पोचण्याआधी तिची खबर मैदानावर पोचते. तुमच्याकडचं कोणीतरी फुटलं आहे. मोतद्दार बदलावा. कळवावे.'

मलकापुरातला जिनिंगचा कारखाना वामनरावांनी कुणावरही विश्वास न टाकता उभा केला होता. पण शालिग्राम मोतद्दारानं चंद्रकोरीला शिंगरू होती तेव्हापासून वाढवलेलं. त्याला काढायचं तर पुरावा हवा. म्हणून त्यांनी एक थाप त्याच्या एकट्याच्या कानात सोडली: घोडीच्या पुढच्या पायाचं हाड आतून सडतंय, वरून दिसत नाही, डॉक्टर गोळी घाला म्हणतात.

पाचव्या दिवशी कारखान्याच्या फाटकात कापसाचे दलाल रामराव भेटले.

"काय हो वामनराव, घोडीले गोळी घालून राह्यले म्हणते?"

चेहरा दुःखी होता, डोळे नव्हते.

वामनराव तडक तबेल्यात गेले. शालिग्राम घोडीला खरारा करत होता.

"कोनाले इकली बे खबर?"

"कोनती, मालक?"

"पायाची."

खरारा थांबला. "इकली नाही जी. मारोतीले सांगतली. दर शनिवारी सांगतो. कशी पळाली, किती दमली, समदं."

"मोठ्यानं?"

"हळू सांगतलं तं ऐकू येते काय त्याले? दगडाचा हाय तो."

"आन् तिथं अजून कोन असते?"

"पारावर रामराव असते, पेपर वाचत. लय चांगला मानूस. मलेच इचारते, काय म्हनते बे तुही पोरगी?"

शालिग्रामनं घोडीच्या त्या पायावरून हात फिरवला.

"मालक, गोळी नका घालू. म्या मीठ सोडलं हाय. हे रानी शर्यतीत पळाली का मंगच तोंडात मीठ घालीन."

'थाप' या एका शब्दाचं काम होतं. तो शब्द वामनरावांच्या ओठांपर्यंत आलाही. तेवढ्यात त्यांना रामरावांचे डोळे आठवले. हाड सडलेल्या घोडीवर मैदानात कोण पैसे लावणार? आणि ती जिंकली, तर ज्यानं लावले त्याची चांदी.

"येत्या शनिवारी पुन्हा सांग मारोतीले," ते म्हणाले. "जरा अजून मोठ्यानं."

"ऐकंल ना जी तो?"

"ऐकंल."

कचेरीत बसून त्यांनी दोन ओळी लिहिल्या. 'मोतद्दार बदलायचा नाही. घोडी ठरल्याप्रमाणे पळवावी.' पत्र नोकराच्या हाती देणं त्यांना आयुष्यात कधी जमलं नव्हतं. ते स्वतः पोस्टापर्यंत चालत गेले आणि पाकीट पेटीत टाकलं.

शर्यतीला, म्हणजे शालिग्रामच्या मिठाला, अजून चोवीस दिवस होते.