व्हिनेगरात मुरवलेली बंडी

"भाल्याचं सोड, या बंडीतून सुईसुद्धा आत जायची नाही," वितालिस म्हणाला आणि त्यानं स्वतःच्या छातीवर थाप मारली. दारावर मारल्यासारखा आवाज आला.

चिलखताखाली घालायची ती जाड लोकरीची बंडी त्यानं मीठ घातलेल्या आंबट दारूत मुरवून शेकोटीवर वाळवली होती. दारू अख्ख्या तंबूच्या वाटणीची होती. बाकीचे सात जण रात्री नुसतं ऱ्हाइन नदीचं पाणी पिऊन झोपले, आणि सकाळी उठले ते त्याला शिव्या घालतच.

"लोणचं झालंय तुझं," त्या सातांतला माटुरस म्हणाला. "रांगेत कशाला, बरणीत उभा राहा."

"बोलून घे. उद्यापासून तू संडासाचे खड्डे खणशील, आणि मी काठावर उभा राहून बघेन."

शंभर जणांचा नायक कोमिनियस आज बंड्या तपासून उपनायक नेमणार होता. उपनायकाला खणणं नाही, लाकडं फोडणं नाही. नावं दोनच होती, वितालिस आणि माटुरस.

कोमिनियस समोर आला. रांगेतले हात सलामीला वर गेले. वितालिसचा छातीपर्यंत आला आणि अडकला.

"हात कुठाय तुझा?"

"आहे, नायक. वर येत नाहीये."

कोमिनियसनं त्याच्या पाठीत छडी हाणली. छडी मोडली. वितालिसला काहीच लागलं नाही, आणि तो हसला. हसायला नको होतं. कोमिनियसनं दुसरी छडी मागवली आणि बंडी संपते त्याच्या खाली, पोटऱ्यांवर ओढली. वितालिसला कमरेत वाकता येईना. तो फळीसारखा सरळ तोंडावर पडला.

"उचला रे याला."

सात जणांपैकी कुणी हललं नाही.

"अंगात जोर नाही, नायक," माटुरस म्हणाला. "रात्री पाणीच पिलंय."

"बंडी अशी करतात होय," कोमिनियस चिखलातल्या वितालिसकडे बघत म्हणाला. "माटुरस, पुढे ये. आजपासून उपनायक तू."

वितालिसला वळसा घालून जायला भरपूर जागा होती. माटुरस मुद्दाम त्याच्या पाठीवर चढला आणि तिथूनच त्यानं ऐटीत सलाम ठोकला. पाठ जरासुद्धा दबली नाही. खिळ्यांच्या चपला मात्र सटकल्या, आणि उपनायकाचा उजवा हात मनगटात मोडला.